चित्रकूटावरील फिर्याद

१९५५ च्या रामनवमीस पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेले आणि वर्षभर महाराष्ट्राच्या घराघरांत कान देऊन ऐकले गेलेले जे गीतरामायण, त्याच्या ५६ गीतांपैकी चित्रकूटावर राम भरताचे सांत्वन करतो ते गीत आपल्याकडे दुःखाच्या प्रसंगी हटकून आठवते. आणि माणसाचे काही चालत नाही, काळ नेईल तिकडे जावे, एवढाच त्याचा भावार्थ मानून आपण डोळे पुसतो. ग. दि. माडगूळकरांच्या शब्दांनी आणि सुधीर फडके यांच्या स्वरांनी दिलेला तो दिलासा खोटा नव्हे. परंतु हे शब्द कोण, कोणास आणि कोणत्या घडीस बोलतो आहे, याचा विचार न करता लावलेला अर्थ मला अपुरा वाटतो.

वाल्मीकींच्या अयोध्याकांडात चित्रकूटाच्या वाटेवर जो तो भरताच्या अंतःकरणातील हेतू हुडकीत असतो. गंगातीरी गुहाने शंकित होऊन पाचशे नावा सज्ज ठेवविल्या. लक्ष्मणाने सालवृक्षावर चढून कोविदारचिन्हांकित ध्वज ओळखला आणि भरताच्या वधाची भाषा केली. दोघांचेही अनुमान तर्काला धरून होते आणि दोघांचेही चुकले. ज्याच्याविषयी एवढा संशय, तो भरत प्रत्यक्षात आपल्या जन्मदात्रीविरुद्धच फिर्याद घेऊन रामापुढे उभा राहिला.

राम ती फिर्याद दाखल करून घेत नाही. कैकेयीच्या मनात काय होते याची चौकशी तो करीत नाही. महासागरात दोन ओंडके एकत्र यावेत आणि लाटेसरशी दूर व्हावेत, तसे आपले सहवास आहेत, मनुष्य स्वतःचा धनी नाही, असे सांगून तो मातेवरील दोषारोपच काढून घेतो. हाच विचार त्याने अयोध्येत मांडला तेव्हा, दैवाचा आश्रय दुबळे घेतात, असे लक्ष्मणाने त्वेषाने म्हटले होते, आणि त्या आक्षेपाचे उत्तर रामाच्या आचरणात आहे: काळाची सत्ता त्याने दुसऱ्याच्या अपराधाला क्षमा करण्यापुरती मानली, स्वतःच्या वचनातून सुटका करून घेण्यासाठी कधीही नाही. आपण बहुधा उलट करतो. आपल्या चुकीस काळ जबाबदार धरतो आणि दुसऱ्याच्या चुकीमागे इरादा शोधतो.

म्हणून त्या संभाषणाची अखेर मला फार मोलाची वाटते. भरत सुवर्णभूषित पादुका पुढे ठेवतो, राम क्षणभर त्यांवर चढून त्या परत देतो, आणि चौदा वर्षे पुरी होताच तुझे दर्शन झाले नाही तर मी अग्निप्रवेश करीन, असे भरत बजावतो. पुढे काय वाढून ठेवले आहे हे दोघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते. तरीही ज्या काळावर कोणाचाच अंमल नाही, त्याला त्या दोघा भावांनी आपल्या शब्दाची मुदत घालून दिली.