घटकाभराचे जागरण

मननासाठी शास्त्रभाग : मार्क 14:32-42, लूक 22:39-46



आजचे हे मनन मी विशेषेकरून त्या भगिनीसाठी लिहीत आहे, जिच्या घरातील कपाटावर प्रयोगशाळेचा एक लिफाफा ठेवलेला आहे. यजमानांच्या रक्ताची तपासणी झाली, पीएसएचा आकडा असावा त्याहून अधिक आला आणि डॉक्टरांनी बायोप्सीचा दिवस ठरवून दिला. कर्करोग आहे असे कोणी म्हणत नाही. नाही, असेही कोणी म्हणत नाही. विवाहाच्या वेळी तिने सुखात आणि आजारात साथ देण्याचे वचन दिले होते. पण आजार आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या दिवसांत कसे वागावे, हे तिला कोणी शिकवलेले नसते.

प्रिय भगिनी, ते दिवस मी पाहिले आहेत. काही वर्षांपूर्वी माझ्या यजमानांच्या बाबतीत असेच घडले. रात्री दीड-दोनच्या सुमारास ते उठत आणि पलंगाच्या कडेला पाय सोडून बसून राहत. मी जागीच असे. तरी डोळे मिटून, श्वास संथ ठेवून पडून राही. माझी काळजी त्यांना दिसली तर ते अधिक खचतील, असे मी मनाला समजावीत असे. सकाळी ते विचारीत, "झोप लागली का?" मी म्हणे, "हो, छान लागली. तुम्हाला?" तेही म्हणत, "छान." कौटुंबिक प्रार्थनेला नित्य एकत्र बसणारी आम्ही दोघे दररोज सकाळी एकमेकांशी खोटे बोलत होतो, आणि तेही प्रेमापोटी.

अशा एका सकाळी वाचनात गेथशेमानेचा प्रसंग आला. शिष्य झोपले हे मला लहानपणापासून ठाऊक होते. ते थकले होते, आळसावले होते, असेच मी समजत आले होते. परंतु लूक त्यांच्या झोपेचे कारण स्पष्ट सांगतो : ते दुःखाने झोपी गेले होते. त्या शब्दापाशी मी थांबले. प्रेम नसते म्हणूनच माणूस झोपतो असे नाही. समोरचे दुःख पाहवत नाही म्हणूनही तो डोळे मिटतो. माझ्या खोट्या झोपेचे नाव मला त्या दिवशी शास्त्रात सापडले.

आता त्या बागेत प्रभूने काय केले, ते आपण पाहू या. त्याने बरोबर तिघांना घेतले आणि आपल्या जिवाची व्यथा त्यांच्यापासून लपवली नाही. देवाचा पुत्र आपल्या मित्रांसमोर अस्वस्थ झाला. तेव्हा भीती वाटणे म्हणजे विश्वास डळमळणे, असे आपल्या यजमानांना किंवा स्वतःला कधीही सांगू नका. आणि त्या तिघांकडून त्याने काय मागितले? उपाय मागितला नाही, स्पष्टीकरण मागितले नाही, धीराची वचनेही मागितली नाहीत. जवळ थांबावे आणि जागे राहावे, एवढेच मागितले. प्याला त्याचा त्यालाच प्यावयाचा होता. तो पेत्राला उचलता येणार नव्हता. तरीही पेत्र जागा असावा असे त्याला वाटले. भगिनी, यजमानांच्या देहात काय चालले आहे ते बदलणे तुझ्या हाती नाही. परंतु प्रभूला जे हवे होते आणि मिळाले नाही, ते तू आपल्या यजमानांना देऊ शकतेस.

मग हे जागरण करावे कसे?

पहिली गोष्ट, त्यांच्या मौनाजवळ बस. हिज्कीया राजा आजारी पडून मरणाला टेकला, तेव्हा त्याने आपले तोंड भिंतीकडे फिरवले, असे 2 राजे 20 मध्ये आपण वाचतो. आपल्याकडील पुष्कळ पुरुष असेच करतात. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला ओढून आपल्याकडे वळवू नये. त्याच्या पाठीशी बसावे. ईयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि एक शब्दही बोलले नाहीत. तोवर ते खरे मित्र होते. बोलू लागले आणि चुकले. "काही होणार नाही, देवावर भाव ठेवा," हे वाक्य आपण पुष्कळदा दुसऱ्याच्या समाधानासाठी नव्हे, तर संभाषण लवकर संपावे म्हणून उच्चारतो.

त्या वाचनानंतरच्या रात्री मी उठले आणि त्यांच्याशेजारी बसले. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "अगं, मला भीती वाटते." मरणाविषयीची वचने मी मनात जुळवून ठेवली होती. पण ते पुढे म्हणाले, "मरणाची नाही. कपडे ओले होतील, तुला माझी उस्तवार करावी लागेल, मी तुझ्या काही उपयोगाचा राहणार नाही, याची." माझी सगळी वचने भलत्याच प्रश्नाची उत्तरे होती. मी एवढेच म्हणाले, "अहो, भीती मलाही वाटते." त्या रात्री पहाटे आम्हा दोघांना खरी झोप लागली.

दुसरी गोष्ट, जे कळू शकते ते जाणून घे. जागे राहणे म्हणजे अंधारात कल्पना करीत बसणे नव्हे. पीएसए हे प्रोस्टेट ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन आहे. वयोमानाने ग्रंथी वाढली किंवा तिला जंतुसंसर्ग झाला, तरीही रक्तातील त्याचे प्रमाण वाढते. 4 नॅनोग्रॅम ही सीमा दीर्घकाळ मानली गेली आहे. आकडा 4 ते 10 च्या दरम्यान असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली असता सुमारे चौघांत एकाला कर्करोग आढळतो. 10 च्या पुढे ही शक्यता निम्म्याहून अधिक होते. म्हणजे आकडा हा इशारा आहे, निकाल नव्हे. पुष्कळ ठिकाणी आता बायोप्सीपूर्वी एमआरआय करतात. बायोप्सीत बारीक सुईने ग्रंथीचे साधारणतः 12 नमुने घेतले जातात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधीच डॉक्टरांच्या कानावर घाल. नंतर काही दिवस लघवीत वा शौचात थोडे रक्त दिसू शकते, त्याने घाबरू नये. मात्र थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. डॉक्टरांकडे जाताना प्रश्न वहीत लिहून ने आणि उत्तरे तूच लिहून घे. घाबरलेल्या माणसाच्या कानी अर्धेच शब्द पडतात.

यात विश्वासाची उणीव आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला हिज्कीयाची गोष्ट पुढे वाचावयास सांग. देवाने त्याची प्रार्थना ऐकली, आणि यशयाने त्याच्या गळवावर अंजिराचा लेप लावावयास सांगितले. प्रार्थना आणि लेप एकाच खोलीत होते. 1894 मध्ये मिरजेला डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी रुग्णालय उभारले आणि 1900 मध्ये वेल्लोरला डॉ. आयडा स्कडर यांनी एका खाटेपासून आरंभ केला, तो याच विश्वासाने. आपल्या मंडळ्यांनी या दोन गोष्टींची फारकत कधी केली नाही. आपणही करू नये.

तिसरी गोष्ट, लाजेची भिंत दोघे मिळून उतरवा. हा आजार अशा जागी आहे, जिचे नाव आपण घरातही घेत नाही. लघवीवरील ताबा, पतिपत्नीचा एकांत, या दोहोंवर शस्त्रक्रियेचा आणि किरणोपचाराचा परिणाम होऊ शकतो. ज्या देहाला पौल पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो, त्याचा कोणताही भाग प्रार्थनेत उच्चारावयास अयोग्य नाही. याविषयी डॉक्टरांना विचारावयास त्यांना संकोच वाटत असेल, तर त्यांच्या परवानगीने तू विचार. आणि आपल्याला त्यांचा सहवास हवा आहे, हे त्यांना शब्दांत सांग. ते त्यांना ठाऊक असेल असे गृहीत धरू नकोस. मात्र मंडळीत प्रार्थनेची विनंती देण्यापूर्वी त्यांना अवश्य विचार. आपल्या आजाराची वार्ता कोणाला कळावी, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचाच आहे.

चौथी गोष्ट, एकटीने जागू नकोस. मोशेचे हात जड झाले तेव्हा अहरोन आणि हूर यांनी ते दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. तुझेही हात जड होतील. एखादी विश्वासू भगिनी, पाळकबाई, बहीण, कोणा एकीला सांग. परराज्यात, आपल्या भाषेची मंडळी जवळ नसलेल्या गावी राहत असशील, तर पत्राने वा फोनने सांग. उत्पत्तीमध्ये स्त्रीला साहाय्यक म्हटले आहे. तेथील एझेर हा इब्री शब्द स्तोत्रांमध्ये स्वतः देवासाठीही येतो. तेव्हा साहाय्य करणे हे दुय्यम काम नव्हे. आणि ज्याचे साहाय्य तू इतरांना देतेस, त्याच्यापाशी स्वतःसाठी ते मागण्यात कमीपणाही नाही.

वाचक विचारतील, अहवाल काय आला? नमुन्यांत कर्करोग आढळला. पण ग्लीसन अंक 6 होता, म्हणजे सौम्य प्रकारचा. डॉक्टरांनी तत्काळ शस्त्रक्रिया न करता सक्रिय देखरेख सुचवली : ठरलेल्या काळाने रक्ततपासणी, गरजेनुसार एमआरआय आणि बायोप्सी; रोग वाढू लागला तर उपचार. आरंभी मला हे निष्काळजीपणाचे वाटले. पुढे समजले, की ब्रिटनमध्ये ग्रंथीपुरताच रोग असलेल्या 1643 पुरुषांना शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि देखरेख अशा तीन गटांत विभागून पाहिले गेले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार 15 वर्षांत त्या रोगाने मृत्यू पावलेले सुमारे 3 टक्के होते, आणि तिन्ही गटांत त्या बाबतीत लक्षणीय फरक नव्हता. प्रत्येकाचा अहवाल असा येत नाही, हे मी जाणते. कोणाचा पूर्ण निर्दोष येईल. कोणाचा रोग पसरलेला निघेल आणि वाट लांब व कठीण असेल. म्हणून आमच्या अहवालावरून तुझ्या अहवालाविषयी मी काही सांगणार नाही.

गेथशेमानेत प्याला दूर झाला नाही, हे आपण विसरता कामा नये. पण स्वर्गातून एक दूत आला आणि त्याने प्रभूला बळ दिले. मित्र झोपले होते, तरी पित्याने त्याला एकटे टाकले नाही. तुझे जागरण अपुरे पडेल, माझे पडले. एखाद्या रात्री तुलाही झोप लागेल, एखाद्या दिवशी तू चिडशील. प्रभूने झोपलेल्या शिष्यांना टाकून दिले नाही. त्यांना उठवले आणि आपल्याबरोबर चालावयास सांगितले.

आमच्या घरी अजूनही ठराविक महिन्यांनी रक्त तपासावे लागते, आणि अहवाल येईपर्यंतच्या रात्री पुन्हा तशाच येतात. ते उठून बसतात. मीही उठते. दिवा लावत नाही. पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे करते आणि शेजारी बसते.

प्रार्थना : हे प्रभू येशू, बागेतील एकटेपण तू जाणतोस. ज्या घरांत आज अहवालाची वाट पाहिली जात आहे, तेथे तू जागा राहा. पतीला आपले भय बोलून दाखवण्याचे धैर्य दे, पत्नीला ते ऐकण्याचे बळ दे, डॉक्टरांच्या हातांना कौशल्य दे. प्याला दूर करणे तुझ्या इच्छेत असेल, तर तो दूर कर. नसेल, तर बळ देणारा तुझा दूत त्या घरी पाठव. आमेन.