यंत्र बंद करणं म्हणजे जीव घेणं का?

ऑक्टोबर १९५८मध्ये स्टॉकहोमच्या करोलिन्स्का रुग्णालयात आर्ने लार्सन यांच्या शरीरात जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. तो काही तासांतच बंद पडला. पण पुढे एकामागून एक यंत्रं बदलत लार्सन २००१पर्यंत जगले आणि ८६व्या वर्षी कॅन्सरनं गेले.

अशा वरदानालाही धोका चिकटलेला असतो. हृदयाचा स्वतःचा ठोका पेसमेकरला ओळखता आला नाही, तर त्याचा स्पंद नेमका चुकीच्या क्षणी पडू शकतो. मग क्वचित हृदयाचे खालचे कप्पे नुसतेच थरथरत राहतात, रक्त पुढे जात नाही. त्यावर उतारा विजेच्या झटक्याचा. तो आतूनच देणारं यंत्र, आयसीडी, मिशेल मिरोव्स्की यांच्या प्रयत्नांतून १९८०मध्ये बाल्टिमोरला पहिल्यांदा माणसाच्या शरीरात बसलं.

खरा पेच शेवटच्या दिवसांत उभा राहतो. शरीर खचतं, रक्तातले क्षार बिघडतात, हृदयाचा ताल पुन्हापुन्हा चुकतो. हे मरण आहे की अपघात, हे आयसीडीला कळत नाही. माणूस शुद्धीवर असला तरी ते झटके देत राहतं.

मग ते बंद करावं का?

झटके थांबवणं बहुतेकांना पटतं. पेसमेकरपाशी मात्र हात अडखळतो, कारण ज्याचं हृदय पूर्णपणे त्यावरच चालतं, तो यंत्र बंद होताच काही मिनिटांत जाऊ शकतो. काहींच्या मते इतकी वर्षं आत राहिलेलं यंत्र शरीराचाच भाग होतं. पण दहनाआधी ते काढावं लागतं, नाहीतर बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. ते कितीही जवळचं झालं तरी उपचारच राहतं, आणि उपचार नाकारता येतो. अमेरिकेतल्या हृदयतालतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१०मध्ये दोन्ही यंत्रांबाबत हेच मान्य केलं: रुग्णाच्या इच्छेनं यंत्र थांबवल्यावर येणारा मृत्यू मूळ आजाराचा असतो.

धर्मविचारालाही हे परकं नाही. असाधारण उपायांनी आयुष्य लांबवण्याची सक्ती नाही, असं पोप बारावे पायस यांनी १९५७मध्येच सांगितलं होतं. पवनारला विनोबांनी १९८२मध्ये अन्न आणि औषध दोन्ही नाकारलं. कायदाही याच वाटेनं गेला: २०१८मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य करून त्यासाठी आधीच इच्छापत्र लिहून ठेवण्याची मुभा दिली.

तरी आपल्या घरांत हा विषय अभद्र मानला जातो, आणि निर्णय आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांवर येऊन पडतो. झटके बंद करायला ऑपरेशन लागत नाही, बाहेरून प्रोग्रामर नावाच्या उपकरणानं ते होतं. ही गोष्ट यंत्र बसवण्याआधीच रुग्णाला सांगायला हवी, शेवटी यंत्र बंद करायचं का हे विचारायला हवं आणि त्याचं उत्तर केसपेपरवर लिहून ठेवायला हवं.