काही नाही, सहजच!



रविवारी पहिल्या मिस्सानंतर आपल्या चर्चच्या पोर्चमध्ये चार-पाच ज्येष्ठ मंडळी बसलेली असतात, हे तुम्ही पाहिले असेलच. मी सॅक्रिस्टीतून बाहेर येईपर्यंत त्यांची बैठक रंगात आलेली असते. एकाचा गुडघा, दुसऱ्याची साखर, तिसऱ्याच्या नातवाचा कॅनडाहून आलेला फोन. आणि ऑक्टोबर उजाडला की सर्वांचा मिळून एकच विषय, पाऊस खरोखर गेला की अजून भात भिजवणार? २०२४ च्या डिसेंबरात यांच्यापैकी तिघे जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घेऊन आले. दहा वर्षांतून एकदा येणारा योग! मी मोठ्या उत्सुकतेने विचारले, "कसे झाले दर्शन?" "चांगले झाले, फादर," एवढे बोलून पुढची वीस मिनिटे त्यांनी मला घाटात कोणाला गाडी लागली, कोणी लिंबू दिले आणि तिथल्या माशाच्या कालवणाला आपल्या घरची चव कशी नव्हती, हेच ऐकवले.

एके काळी मला या बैठकीची मनातून चीड येत असे. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणी बोलू लागले की तो मनातल्या मनात विचारतो, मुद्दा काय? गुडघ्याला मुद्दा नसतो. तो दुखतो, एवढेच!

मध्यंतरी बायबल वर्गात एका युवतीने प्रश्न केला. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशू सांगतो की, माणसाला आपल्या प्रत्येक निरर्थक शब्दाचा हिशेब न्यायाच्या दिवशी द्यावा लागेल. "मग फादर, आम्ही मैत्रिणी रोज फोनवर जे बोलतो, आज काय जेवलीस, उकाडा किती वाढलाय, आईचे डोके दुखते का, याचाही हिशेब द्यायचा का?" वर्ग हसला. मीही हसलो. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

त्या ठिकाणी मूळ ग्रीक भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'काम न करणारा' असा आहे. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात बाजारात रिकामे उभे असलेल्या मजुरांसाठी मत्तय हाच शब्द वापरतो. नाक्यावर सकाळी कामाची वाट पाहत थांबलेली माणसे डोळ्यांसमोर आणा. शिवाय येशूने हे उद्गार कोणापुढे काढले तेही पाहिले पाहिजे. एका आंधळ्या आणि मुक्या माणसाला त्याने बरे केले होते आणि ते सैतानाच्या साहाय्याने केले, असे म्हणणाऱ्यांना तो बोलत होता. ते लोक काही हवापाण्याच्या गप्पा मारत नव्हते! तेव्हा विचारायचे ते हे की, शब्दाने काही काम केले की नाही. मित्राला गुडघ्याचे दुखणे सांगणारा शब्द कोणते काम करतो? या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात मिळाले नाही, माझ्या चुकीतून मिळाले.

माझा एक बालमित्र आहे. इथून दोन गावे पलीकडे त्याची वाडी आहे. सोनचाफा, मोगरा, थोडी भाजी. पहाटेच्या गाडीने माल दादरला जातो. गेली कित्येक वर्षे त्याचा फोन शनिवारी संध्याकाळी येतो, नेमका मी प्रवचनाची तयारी करत असताना. २०२२ च्या ऑक्टोबरात परतीच्या पावसाने मुक्काम लांबवला होता. त्या शनिवारी त्याने सुरुवात केली ती पावसापासून. कापलेले भात शेतातच भिजले. मग आईची साखर. मग मुलीच्या कॉलेजच्या लोकलची गर्दी. माझ्यासमोर कोरा कागद होता. मी म्हणालो, "अरे, कामाचं काही असेल तर बोल ना. मला उद्याची तयारी करायचीय." तो क्षणभर थांबला. "काही नाही रे, सहजच केला होता," म्हणाला आणि फोन ठेवला.

तीन आठवड्यांनी एका अंत्यविधीच्या वेळी त्याची पत्नी भेटली. त्या शनिवारी दुपारीच त्याच्या मानेतील गाठीचा रिपोर्ट हाती आला होता आणि तो चांगला नव्हता. ती म्हणाली, "तुम्हाला सांगतो म्हणून ते फोन घेऊन अंगणात गेले होते. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

देवाच्या कृपेने, डॉक्टरांच्या हातगुणाने, उपचार लागू पडले आणि आज तो वाडीत उभा आहे. त्याने मला एका शब्दाने बोल लावला नाही. पण त्यानंतर मी कधीही फोन केला की तो म्हणे, "ठीक आहे. सगळे ठीक." भात कसे आहे? ठीक. आई? ठीक. माझी मागणी त्याने तंतोतंत पुरवली होती. मुद्द्यापुरते बोलत होता.

त्या दिवसांत तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र मी पुन्हा वाचले. ते पौलाने स्वतःच्या हाताने लिहिले की त्याच्या शिष्याने, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद इथे नको. पत्र लिहिणारा तुरुंगात आहे. आपली धाव संपत आली आहे, हे त्याला कळून चुकले आहे. असा माणूस शेवटच्या ओळींत काय लिहितो? त्रोवस येथे कार्पाच्या घरी माझा झगा राहिला आहे, तो येताना आण. पुस्तकेही आण. त्रफिम आजारी पडला, त्याला मिलेतला ठेवून यावे लागले. आणि हिवाळ्यापूर्वी येण्याचा प्रयत्न कर. आपल्याकडे पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात, तशी तिकडे भूमध्य समुद्रावरची ये-जा हिवाळ्यात जवळजवळ बंद असे. शरद ऋतू सरला की वाट मिटली. प्रवास, प्रकृती, हवामान: आपल्या पोर्चमधील बैठकीचे सगळे विषय तिथे हजर आहेत, आणि चर्चने ते पवित्र शास्त्रात जपून ठेवले. पौलाला काय हवे होते, झगा की तीमथ्य? मला वाटते दोन्ही. थंडी खरी होती, म्हणूनच तर झग्याची गोष्ट जवळच्या माणसाला सांगायची.

मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने १९२३ साली अशा बोलण्याचा विचार केला होता. प्रकृतीची चौकशी, हवेबद्दलचे शेरे यांत अर्थ पोहोचवायचा नसतोच. माणसे नुसत्या शब्दांच्या देवघेवीने एकमेकांशी बांधली जातात, असे त्याचे म्हणणे. अर्धे मला पटते. पण माझ्या मित्राचे भात खरेच भिजले होते. त्याचा अर्थ होता, आणि तो अर्थ माझ्यापर्यंत पोहोचावा म्हणूनच त्याने फोन केला होता.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाची आख्खी दोन प्रकरणे मैत्रीला दिली आहेत. दोघांनी बरोबर मीठ खाल्ल्याशिवाय ओळख पटत नाही, ही त्याच्या काळची म्हण तो तिथे सांगतो. (खाल्ल्या मिठाची आठवण आपल्यालाही आहे!) गुरे एका कुरणात चरतात, तसे माणसांचे एकत्र राहणे नसते, बोलणे आणि विचार यांत वाटेकरी होणे म्हणजे एकत्र राहणे, असे तो मानतो. संत थॉमस अक्वायनस यांनी तर पुढचे पाऊल टाकले. लोकांशी आपुलकीने वागण्याचा सद्गुण ते न्यायाच्या सद्गुणाच्या पोटात घालतात. दानधर्माच्या किंवा करमणुकीच्या नव्हे, न्यायाच्या! सत्यावाचून जसा समाज चालत नाही, तसा आनंदावाचूनही चालत नाही. म्हणून एकमेकांना प्रसन्न सहवास देणे हे माणसाचे माणसाला देणे आहे. सेमिनरीत हे मी परीक्षेपुरते पाठ केले होते. मित्राचा फोन ऐकणे हा मी त्याच्यावर करत असलेला उपकार आहे, अशीच तोवर माझी समजूत होती. ते त्याचे येणे होते आणि मी ते बुडवले, असे तेव्हा कुठे लक्षात आले.

आता कोणी म्हणेल, फादरांनी गप्पांना परवानगी दिली! तसे नाही. आपला गुडघा वेगळा आणि शेजारणीच्या सुनेची कुटाळकी वेगळी. पोप फ्रान्सिस २०२५ मध्ये आपल्यातून गेले. मागे बोलणाऱ्या जिभेविरुद्ध त्यांनी किती वेळा कानउघाडणी केली! मी ज्या बातमीविषयी बोलतो आहे ती ज्याची असते तोच सांगतो, आणि सांगताना थोडासा उघडा पडतो. व्हॉट्सॲपवर रोज सकाळी येणाऱ्या गुलाबाच्या फुलांना मात्र मी अजून कोणत्या खात्यात टाकावे ते मला कळलेले नाही.

एक गोष्ट मला जास्त छळत राहिली. त्या प्रसंगानंतर मी सावध झालो. कोणी पावसाविषयी बोलू लागले की मी कान टवकारून बसे, आता खरी गोष्ट येईल, आता रिपोर्ट निघेल. माणसे ते ओळखत. एका मावशींनी मला सरळ ऐकवले, "फादर, माझं दुसरं काही नाही. गुडघाच दुखतोय." त्या बरोबर होत्या. गुडघ्यामागे काही दडले असेल म्हणूनच मी गुडघ्याचे ऐकणार असेन, तर गुडघ्याचे मी अजूनही ऐकत नाही. अम्माऊसच्या वाटेवर ते दोघे बोलत चालले होते. वाटेत मिळालेल्या येशूला क्लयपा विचारतो, झालेल्या घटना तुला एकट्यालाच ठाऊक नाहीत का? आणि ज्याच्या अंगावर त्या घटनांचे वण होते तो विचारतो, कोणत्या? मग तो त्यांना सगळे सांगू देतो. आधी त्यांचे पूर्ण ऐकून घेतो आणि नंतर शास्त्र उलगडतो. प्रवचन करणाऱ्याने हा क्रम ध्यानात ठेवावा, हे मी आधी स्वतःलाच सांगतो.

माझ्या मित्राला पुन्हा हवापाण्यावर यायला एक वर्षाहून अधिक काळ लागला. मीच दर शनिवारी त्याला इकडचे सांगत राहिलो: घंटेचा दोर तुटला, माझी दाढ दुखते आहे, चर्चमागच्या चिंचेवर मधमाश्या बसल्या आहेत. काही काळ पलीकडून नुसता हुंकार येई.

काल संध्याकाळी सातला त्याचा फोन आला. यंदा सोनचाफ्याला कळी कमी आहे. आईचा चष्मा चार दिवस सापडत नव्हता, तो तांदळाच्या डब्यात निघाला. मी विचारले, "डब्यात कसा गेला?" त्यावर त्याने जे सांगितले ते बरेच लांबले. त्यामुळे आजचे प्रवचन थोडे आखूड वाटल्यास सांभाळून घ्यावे.

आपला,
धर्मगुरू