विझलेल्या दिव्याची साक्ष

जुन्या ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डावर ऑइलच्या दाबाचा एक तांबडा दिवा असतो. चावी फिरविताच तो पेटावा व इंजिन सुरू होऊन दाब चढला म्हणजे विझावा, अशी योजना आहे. इंजिनावरील लहानसा स्विच दाब नसता दिव्याच्या तारेस इंजिनाच्या अंगाशी जोडितो, दाब येताच तोडितो.

सांगलीकडील एका शेतकऱ्याने असा ट्रॅक्टर विकावयास काढिला. इंजिन चालू असताही दिवा विझेना. त्याने स्विचवरची तार काढून ठेविली. दिवा गेला, ट्रॅक्टरही खपला. तो मला म्हणाला, "पाळकसाहेब, मी खोटे एक अक्षर बोललो नाही."

वाचकहो, हे खरे काय? तार काढूनही दिवा पेटता राहिला असता, तर ती वाटेत कोठे घासून लोखंडास लागली असे ठरते. येथे तो विझला. म्हणजे तार निर्दोष. दोष स्विचचा, नाहीतर खरोखर दाबाचा. स्विचच्या जागी गेज लाविता क्षणात उलगडा झाला असता. ज्या मुलखात किर्लोस्करवाडीस 1910 साली लोखंडी नांगरांचा कारखाना उभा राहिला, तेथे हे ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? त्याने पाहिले नाही, कारण त्यास उत्तर नको होते. माझ्या मते अपराध तेथेच घडला. विक्री मागाहून झाली.

शिवाय विझलेला दिवाही बोलतो. "दाब ठीक आहे," असे तो गिऱ्हाइकास सांगतो, आणि दाब नसेल तर बेअरिंगे थोडक्यात जळतात.

गिऱ्हाईक सातारा रस्त्यावर तीन कोसांवर राहते. त्याची नांगरट सोमवारी सुरू व्हावयाची आहे.