हक्क मागावा, पण खरेपणाने

नवा फोन दोन महिन्यांतच आपोआप बंद पडू लागला, तर साधकाने काय करावे? प्रश्न लहान वाटतो. पण मनाची परीक्षा अशाच लहान प्रसंगी होते.

याची दोन उत्तरे ऐकू येतात. पहिले म्हणते, ‘वस्तू नाशवंतच. सोडून द्या.’ दुसरे म्हणते, ‘कंपनी एवढी मोठी, थोडे खोटे बोलून फोन बदलून घेतला तर काय बिघडले?’

पहिले उत्तर वैराग्यासारखे दिसते, पण बहुधा तो आळस असतो. वॉरंटी म्हणजे विकणाऱ्याने दिलेले वचन. ते पाळायला सांगणे म्हणजे आसक्ती नव्हे. आपण गप्प बसलो, तर तसाच सदोष फोन उद्या हप्त्याने पैसे भरणाऱ्या एखाद्या मजुराच्या हाती जाईल. त्याला आपल्यासारखे सोडून देणे परवडणार नाही.

शिवाय मार्ग आता सोपा आहे. ‘ग्राहक संरक्षण कायदा, २०१९’ जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार ग्राहक आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करू शकतो. फोन दिल्लीच्या नेहरू प्लेसमध्ये घेतला आणि घर उत्तर प्रदेशातील नोएडात किंवा हरियाणातील गुरुग्रामला असले, तरी दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. तक्रारीची मुदत दोन वर्षे असून पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही बोलता येते. पावती आणि सर्व्हिस सेंटरने दिलेला प्रत्येक कागद तेवढा जपून ठेवावा.

आता दुसरे उत्तर. अनेक फोनच्या आत एक छोटी पांढरी पट्टी असते. पाणी लागले की ती लाल होते. ‘पाणी लागलेच नाही’ असे शपथेवर सांगणाऱ्याचे खोटे ती उघड करते. पण समजा, खोटे पकडलेच गेले नाही, तर? तरीही त्याची किंमत कोणीतरी मोजतोच. काउंटरवरचा कर्मचारी दहा खोट्या तक्रारी ऐकतो आणि अकराव्या खऱ्या माणसाकडेही संशयाने पाहू लागतो. आपल्या खोट्याने दुसऱ्याच्या खऱ्या शब्दाचे मोल घटते.

खरी कसोटी याहून अवघड आहे. फोन एकदा हातून पडला होता. आता चार्जिंग होत नाही. दोहोंचा संबंध असेलच असे नाही. मग पडल्याचे सांगावे का? सांगावे. ‘फोन पडला होता, पण त्यानंतर महिनाभर नीट चालला, दोष कशाने आला ते तपासून लेखी द्या,’ असे शांतपणे म्हणावे. कदाचित वॉरंटी नाकारली जाईल आणि पदरचे पैसे जातील. सत्य नेहमी फायद्याचे ठरते, असे कोणी वचन दिलेले नाही. पण मिळालेल्या नकाराविरुद्ध दाद मागताना आपल्याला काही लपवावे लागत नाही. हे बळ खोट्याने मिळत नाही.

समोरच्या कर्मचाऱ्याने ना फोन बनवला, ना नियम. त्याच्यावर आवाज चढवून दोष दूर होत नाही. ठामपणा कागदात असावा, वाणीत नम्रता असावी.

म्हणून सर्व्हिस सेंटरची पायरी चढण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारूया : नेमके काय घडले? न्यायाने माझे किती? आणि समोर कोण आहे? या तीन प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे घेऊन आत गेलो, तर फोन बदलून मिळो वा न मिळो, साधना खंडित होणार नाही.