काळा अंगठा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ सुरू असताना कुजबुज करता येत नाही. त्यामुळे तिथल्या एका वस्तादांचं तेलाविषयीचं मत सगळ्या गल्लीला पाठ होतं. अंगठा आणि तर्जनी तेलात बुडवून ते हळूच लांब करत, मधे तार धरे. "ही तार तुटली की इंजिन गेलं." बुलेट असो, जुनी जीप असो की अँबॅसेडर, त्यांच्या गॅरेजातून निघताना पोटात २०डब्ल्यू-५०च घेऊन निघायची. चाळीस वर्षांत त्यांच्या हातचं एकही इंजिन जाम होऊन परत आलं नव्हतं. मग माणसाने आपल्या मतावर भरवसा ठेवायचा नाही तर कशावर?

पौषातल्या एका सकाळी एका फाउंड्रीवाल्याचा मुलगा पिवळी पोर्शे बॉक्सस्टर घेऊन आला. २००७ची, मुंबईहून जुनी घेतलेली. गटाराच्या जाळीवरून आत घ्यायला चाकांखाली फळ्या टाकाव्या लागल्या. वस्तादांनी बॉनेट उघडलं, तर आत डिकी. मागे जाऊन डिकी उघडली, तर तिथेही डिकीच. समोरचा चहावाला हसला. इंजिन सीटच्या मागे, मधोमध दडलेलं. सहा सिलिंडर, तीन या बाजूला, तीन त्या, आडवे झोपलेले. तेल ओतायचं तोंड मागच्या डिकीच्या कोपऱ्यात होतं. वस्तादांनी सवयीने डिपस्टिकसाठी हात घातला. डिपस्टिक नव्हतीच. तेलाची पातळी डॅशबोर्डवर दिसते, असं मालक म्हणाले.

"तेल मी आणलंय वस्ताद. बाजारात यापेक्षा महाग नव्हतं." डब्यावर चौकटी-चौकटीचा रेसिंगचा झेंडा होता आणि आकडा १०डब्ल्यू-६०. वस्तादांनी दोन बोटांत तार धरून बघितली. चेहरा खुलला. "ह्याला म्हणायचं तेल!"

आयटीआयला जाणारा एक पोरगा अर्धा दिवस त्यांच्याकडे हाताखाली होता. तो एव्हाना गाडीचं पुस्तक काढून वाचत बसला होता. "वस्ताद, ह्यात शून्य-चाळीस न्हाईतर पाच-चाळीस म्हणतंय. आणि कंपनीनं पास केलेलंच पायजे." आधीच्या मालकाचा अर्धा डबा डिकीत लोळत होता. त्याने तो उलटा करून मागची बारीक अक्षरं दाखवली: ०डब्ल्यू-४०, आणि खाली पोर्शेची ए४० ही मान्यता. झेंड्याच्या डब्यामागे ती नव्हती.

वस्तादांनी अर्ध्या डब्यातलं तेल बोटांत धरलं. तार लगेच तुटली. "हे तर पाणी हाय. आपल्या उन्हात ह्याची वाफ हुईल."

"डब्ल्यू म्हंजे विंटर, वस्ताद. पुढचा आकडा थंडीतला, मागचा शंभर डिग्रीवरचा. शून्य म्हंजे पातळ न्हवं, गारठ्यातबी पळतंय एवढंच."

"कोल्हापुरात कुठला रं बर्फ?"

गिऱ्हाइकासमोर पोराने उलट बोलावं हे वस्तादांना लागलं होतं. निकाल लावायचा म्हणून त्यांनीच अँबॅसेडरची जुनी काच भिंतीला तिरकी टेकवली आणि वरच्या कडेला दोन थेंब शेजारी शेजारी सोडले. ०डब्ल्यू-४० खाली पोचलं तेव्हा १०डब्ल्यू-६० अर्ध्यातच होतं. चहावाल्याने पैज न लावताच जिंकल्यासारखी टाळी दिली.

"बर्फ नगं," पोरगा म्हणाला. "इंजिन तापतंय शंभर डिग्रीला. त्याच्या हिशोबानं आपली सोळा डिग्रीची सकाळसुद्धा थंडीच. सेल मारल्यावर पयले काही सेकंद तेल वर पोचेपर्यंत काय घासायचं ते घासतंय."

"आन जाड तेलानं प्रेशर चढतंय ते? आँ?"

इथे पोरगा अडला. पुस्तकात हे नव्हतं. मग त्याला शेत आठवलं. "उसाला पाणी देताना पायपाचं तोंड दाबलं की धार जोरात जातीया. पण शेवटच्या सरीला पाणी कमीच मिळतंय न्हवं? प्रेशर चढलं म्हंजे तेल पोचलं असं न्हाई, अडलंय असंबी असंल. आणि ह्या गाडीत तर व्हॉल्व्हचं टायमिंग चालता चालता तेलाच्याच जोरावर बदलतंय."

वस्ताद बोलले नाहीत. काचेसमोर उकिडवे बसले. चाळीस वर्षांत किती क्रँक ग्राइंड केले असतील त्यांनी! क्रँक आणि बेरिंगमधली केसाहून बारीक फट नखाला कळावी इतका हात बसलेला. फट ढिली तर जाड तेल, फट घट्ट तर पातळ, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. फक्त ही फट त्यांनी ठेवलेली नव्हती. ती दुसऱ्याच कुणीतरी, दूर कुठेतरी ठेवली होती, आणि किती ठेवली हे त्याने तेलाच्या आकड्यात लिहून पाठवलं होतं.

(खरं सांगायचं तर गॅरेजात यापुढे जे घडलं ते दुर्मीळ. साठीच्या माणसाला चार लोकांत मत बदलताना मी फारसं पाहिलेलं नाही.)

"मालक, हा झेंड्याचा डबा परत करा."

मालक दुखावले. "अहो, गाडी स्पोर्ट्स आहे. त्यावर रेसिंग लिहिलंय."

"झेंडा डब्यावर हाय. इंजिनात न्हाई."

"म्हणजे हे तेल बोगस?"

"बोगस कसलं!" पोरगा मधेच बोलला. "बीएमडब्ल्यूच्या जुन्या एम३ला कंपनीच १०डब्ल्यू-६० सांगती. तेल चांगलंच हाय. हिचं न्हवं."

दुसऱ्या दिवशी मान्यतेचं तेल आलं. आठेक लिटर लागणार होतं. वस्तादांनी ते एकदम ओतू दिलं नाही. थोडं कमी भरायचं, गाडी गरम करायची, सपाटीवर उभी करून थांबायचं, डॅशबोर्डवर बघायचं, मग वाढवायचं. डिपस्टिकशिवाय त्यांचा जीव थाऱ्यावर नव्हता, पण दर वेळी पोराला विचारत होते, "पुस्तकात किती मिनटं थांबाय सांगितलंय?" पोरगा जरा फुशारकीनेच सांगत होता.

आठवड्याभराने एक बुलेट आली, नव्वद सालच्या आसपासची, ओतीव लोखंडाच्या सिलिंडरची. पोर्शेचं लिटरभर तेल उरलं होतं. पोराने न विचारताच तो डबा उचलला. "वस्ताद, हिलाबी हेच घालू. भारीतलं हाय."

वस्ताद नरसाळं पुसत होते. "पुस्तक काय म्हणतंय?"

"बुलेटचं पुस्तक कुठाय आपल्याकडं?"

वस्ताद उठले. पान्यांच्या पेटीच्या तळातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. कव्हर गेलेलं, कडा कुरतडलेल्या. पोराने पानं उलटली. तेलाच्या तक्त्याचं पान आपोआप उघडलं, इतक्यांदा ते उघडलं गेलं होतं. २०डब्ल्यू-५०च्या ओळीवर अंगठ्याचा काळा ठसा होता, तेलाचा, आता कागदात पार मुरलेला. पोराने त्यावर आपला अंगठा ठेवून बघितला. ठसा त्याच्याएवढाच होता.

"हा कुणाचा, वस्ताद?"

"मीबी कधी पोरगाच हुतो की," वस्ताद म्हणाले, आणि २०डब्ल्यू-५०चा डबा त्याच्याकडे सरकवला.