गौरवाचे ऋण

ज्या गायकाला हयातीत गावाने दूर ठेवले, त्याचा उत्सव मांडण्याचा अधिकार त्या गावाला केव्हा पोहोचतो? मराठी वाचकाला हा प्रश्न अगदी अनोळखी नसावा. ज्या देहूत तुकोबांना आपल्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या असे परंपरा सांगते, त्याच देहूत आज बीजेचा सोहळा भरतो. परंतु आपल्या घरचा प्रश्न श्रद्धेच्या आड सहज झाकला जातो. म्हणून येथे मुद्दाम दूरचे उदाहरण घेतो.

अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात ओकीमा नावाचे लहानसे गाव आहे. लोकगायक वुडी गथ्री यांचा जन्म तेथे १४ जुलै १९१२ रोजी झाला. १९३०च्या दशकात मंदीने आणि धुळीच्या वादळांनी देशोधडीला लागलेल्या कष्टकऱ्यांची वाट त्यांनी स्वतः तुडवली आणि त्यांची दुःखे जुन्या लोकचालींवर बांधून गायिली. गिटारीवर त्यांनी फॅसिस्टांच्या संहाराची घोषणा लिहिली होती. साम्यवादी वृत्तपत्रांतून सदरही लिहिले होते. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी, हंटिंग्टन रोगाने वर्षानुवर्षे पंगू होऊन ते वारले, तेव्हा देशभर त्यांचे नाव झाले होते. ओकीमातील अनेक प्रतिष्ठितांना मात्र हा भूमिपुत्र अडचणीचाच वाटत होता. १९७२ मध्ये गावच्या पाण्याच्या टाकीवर त्यांचे नाव झळकले. पण बालपणीचे घर मोडकळीस येऊन त्याच दशकाच्या अखेरीस पाडले गेले. पुढे १९९८ मध्ये भर पेठेत त्यांचा पुतळा उभा राहिला आणि त्याच वर्षापासून जुलैमध्ये, जन्मदिनाच्या सुमारास, त्यांच्या नावाचा संगीत महोत्सव भरू लागला.

याला ढोंग म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते न्याय्य नाही. ज्यांनी विरोध केला ती माणसे आणि ज्यांनी मांडव घातला ती माणसे एक नव्हेत. वाडवडिलांच्या अनुदारपणाबद्दल नातवंडांना दोषी धरता येत नाही. उशिरा आलेली कृतज्ञता ही कृतज्ञताच असते.

तथापि 'आमचा गायक' असे म्हणताना गाव केवळ प्रेम व्यक्त करीत नाही, वारसाहक्कही सांगत असते. वारशाचा नियम सर्वांना ठाऊक आहे : जो मालमत्ता घेतो, त्याला ऋणही पत्करावे लागते. स्वतः न मिळवलेल्या कीर्तीत जो वाटेकरी होतो, त्याला स्वतः न केलेल्या अन्यायाशी आपला संबंध नाही, असे म्हणता येणार नाही.

ओकीमापुरते हे ऋण कोणते? २५ मे १९११ रोजी, गथ्रींच्या जन्मापूर्वी जेमतेम चौदा महिने, लॉरा नेल्सन ही कृष्णवर्णी स्त्री आणि तिचा किशोरवयीन मुलगा यांना जमावाने गावाजवळच्या पुलावरून फासावर लटकवले. त्या दृश्याची छायाचित्रे पोस्टकार्डे म्हणून विकली गेली. शिक्षा कोणालाही झाली नाही. वुडींचे वडील चार्ली गथ्री हे गावातील जमिनीचे व्यापारी आणि स्थानिक राजकारणी होते. तेही त्या जमावात होते, असे कुटुंबातीलच साक्षीच्या आधारे सांगितले जाते.

मुलाने या वारशाचे काय केले? तो अपराध आपल्या जन्माआधीचा, असे म्हणून त्यांना गप्प राहता आले असते. त्यांनी त्या माउलीवर आणि तिच्या लेकरावर गीते रचली. वडिलांवर प्रेम करणे त्यांनी सोडले नाही आणि वडिलांच्या गावाचे पाप झाकलेही नाही. वारसा कसा घ्यावा, याचा वस्तुपाठ त्यांनी स्वतःच घालून दिला आहे. त्यांचा उत्सव करणाऱ्या गावाला दुसऱ्या कसोटीची गरज उरत नाही.

उत्सवात एक धोका अंगभूतच असतो. मृत गायक नवे गाणे रचून आपल्याला अडचणीत आणू शकत नाही; आणि जुन्यांपैकी कोणती गाणी गायची ते आपल्या हाती असते. १९४० मध्ये लिहिलेल्या त्यांच्या 'धिस लँड इज युअर लँड' या सर्वांत प्रसिद्ध गीताचे हेच झाले. खाजगी मालकीच्या पाटीला आणि भुकेल्यांच्या रांगेला उद्देशून लिहिलेली त्यातील कडवी शाळाशाळांतून गळाली आणि तक्रारीचे गाणे केवळ देशाभिमानाचे होऊन बसले. १८ जानेवारी २००९ रोजी वॉशिंग्टनमध्ये ओबामांच्या शपथविधीनिमित्त झालेल्या समारंभात पीट सीगर यांनी ती कडवी लाखोंसमोर गायिली, तेव्हा कित्येकांना ती नवीच वाटली असतील. न ऐकल्याने गायकावर जेवढा अन्याय होतो, तेवढाच अन्याय निवडून ऐकल्यानेही होऊ शकतो.

म्हणून गौरवाची नैतिक कसोटी पुतळ्याच्या उंचीत किंवा गर्दीच्या आकड्यात नाही. ज्या गाण्यांमुळे तो गायक एके काळी नकोसा झाला होता, ती गाणी मांडवात म्हटली जातात काय, आणि ती चालू असताना गावकरी उठून जात नाहीत ना, एवढेच पाहावे. सोयीचा तेवढा गायक उचलणाऱ्या गावाने त्याचे नाव मिळवले, एवढेच म्हणता येईल. त्याचे गैरसोयीचे गाणेही जे गाव शेवटपर्यंत ऐकून घेते, त्याला मात्र 'आमचा गायक' म्हणण्याचा अधिकार पोहोचतो. मग ते गाव ओकीमा असो की इंद्रायणीकाठचे.